गोधडीआधी भिंत

१४ जुलै
आजवर माझी एकही गोधडी पुरी का झाली नाही, ते आज कळलं. भिंत नव्हती.

मनस्वीनं मोबाइलवर दाखवलं. परदेशातली कुणी बाई, केस पिकलेले, माझ्याच वयाची असेल, पण हाडानं मजबूत. तिनं भिंतीला मऊ लवेचं कापड लावलंय, नि त्यावर गोधडीचे तुकडे नुसते थापले की चिकटून राहतात. टाचणी नाही, खळ नाही. मग लांब उभं राहून बघायचं, हा तुकडा इकडे, तो तिकडे. मनासारखं जमलं की उतरवून शिवायचं. त्याला डिझाईन वॉल म्हणतात. आम्ही बायका जमिनीवर तुकडे पसरतो नि वाकून वाकून कंबर मोडून घेतो. वरून मांजर चालत जातं, नवरा चालत जातो. शी! कसली ती पद्धत.

मनस्वी आमची सून. सातवा लागलाय. पुढच्या आठवड्यात माहेरी जाईल, संगमेश्वरला. मी आजी होणार या आनंदानं मला जेवण जात नाही. म्हणजे जातं, पण लक्ष नसतं.

तर ठरलं. बारशाला पाळण्यात माझी गोधडी. विमलाबाईंची नाही. विमलाबाई म्हणजे मनस्वीची आई, आमच्या विहीणबाई. त्यांच्या गोधड्यांचं नाव देवरुखपर्यंत आहे असं त्याच सांगतात. मला काही त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. फक्त त्यांची पाळण्यात नको.

हे म्हणाले, नितेशच्या वेळची अर्धी माळ्यावर पडली आहे, तीच पुरी कर की. नितेश आता एकतीस वर्षांचा बाप्या झाला. यांना बोलायला काय जातं? ती अर्धी राहिली नाही. तिला भिंत नव्हती.

१५ जुलै
ठराव. भिंत दोन दिवसांत. विकत काही आणायचं नाही. त्यानंतर रोज दुपारी शिवण. दुपारची मालिका बंद.

मालिका सोमवारपासून बंद. आत्ता तिच्यात सासूला विष घालतायत.

१७ जुलै
जुनी घोंगडीसारखी चादर टेपनं भिंतीला लावली. हॉलमध्येच. छान ताणून बसली. मी चहा ठेवायला वळले नि मागून फर्रर्र. हे खाली बसून पेपर वाचत होते, त्यांच्यावर पडली. आतून म्हणतात, यमुने, मी गेलो की काय, माझ्यावर कापड घातलंस ते?

दमट हवेत टेप धरत नाही. मेलं रत्नागिरीत पावसाळ्यात काय धरतं? पापड धरत नाहीत, मीठ धरत नाही, टेप कुठला धरणार! पण टेपनं जाताना भिंतीचा रंग मात्र नेला. वीतभर पट्टी. नितेशनं मे महिन्यात रंग दिलाय, हलका बदामी. आता मध्ये जुना पोपटी दिसतोय. बघवत नाही. तिथे कॅलेंडर लावलं. कॅलेंडर फार खाली आलंय, पण तिथी वाचायला बरं.

२१ जुलै
मनस्वी गेली. जाताना म्हणाली, आई, जास्त दगदग करू नका, आमच्या आईनं एक करायला घेतलीच आहे. मी हसले. हसताना माझे दात एकमेकांवर घासले.

नितेश ऑफिसला गेल्यावर यांना खिळे मारायला लावलं. चिऱ्याची भिंत. खिळा आत जातो लोण्यात गेल्यासारखा, नि कापडाचा भार आला की लाल माती घेऊन बाहेर येतो. तीन ठिकाणी भोकं. हे म्हणतात, अगो, चिरा आहे हा, तुझ्या हट्टासारखा नाही घट्ट धरून बसायला.

पीठ कालवून भोकं बुजवली. संध्याकाळपर्यंत मुंग्या.

२५ जुलै
अक्कल वापरली. भिंतीला लावायचंच कशाला? भिंतीला टेकून ठेवायची. माळ्यावर पाच-सहा वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल आहे, दोन मोठी पानं. यांना वर चढवलं.

किळस किळस किळस. थर्माकोलात झुरळांनी संसार मांडलेले. पालीची अंडी. आणि काळ्या लेंड्या, कुणाच्या ते मला कळून घ्यायचं नाही. पडवीत नेऊन झाडला तर त्याचे पांढरे दाणे उडाले नि सगळ्या अंगणभर झाले. चिकटतात, झाडूला येत नाहीत. सोनूबाईची कोंबडी खायला लागली. सोनूबाई, आमची शेजारीण, कुंपणावरून ओरडली, माझी कोंबडी मेली तर तुझ्याकडे जेवायला येईन. मी म्हटलं, मेली तर मीच तुझ्याकडे येईन जेवायला.

हे म्हणाले, थर्माकोलावर आता बंदी आहे. मी म्हटलं, मखराला आहे. हे मखर नाही.

२८ जुलै
भिंत झाली!! दुपारी ३.१०.

दोन पानं मधोमध चिकटपट्टीनं जोडली, मागून बांबूच्या कामट्या बांधल्या. वरून लवेचं कापड हवं होतं. घरभर शोधलं. नि काय सांगू, डोळ्यासमोरच होतं. जेवायच्या टेबलाचं प्लॅस्टिकचं कव्हर! वरून प्लॅस्टिक, त्यावर द्राक्षं नि अननस, पण खालून कशी मऊ मऊ लव. उलटं केलं, ताणलं, मागून टाचलं. बांगड्याच्या कालवणाचा थोडा वास येतो. जाईल.

एक तुकडा थापून बघितला. राहिला! अर्धा तास बघत बसले. पडला नाही. मला रडूच आलं. परदेशातल्या बाईला असलं कव्हर सुचलं असतं का?

हॉलच्या कोपऱ्यात ठेवली. तेवढाच कोपरा रिकामा असतो.

जेवताना नितेश म्हणाला, कव्हर कुठे? म्हटलं, धुवायला.

१ ऑगस्ट
बाळाची पहिली गोधडी ज्या बायकांनी खूप बघितलंय, ज्यांची पोरंबाळं नांदतायत, त्यांच्या नेसत्या कापडांची करतात. म्हणून चार घरी साड्या मागितल्या. लोकांनी काय द्यावं? नायलॉन! सोनूबाईनं दिलेली तर गुलाबी, निसरडी, नि तिला सुकटीचा वास. धुतली. आता साबण लावलेल्या सुकटीचा वास.

आणि नायलॉन भिंतीवर राहतच नाही. थापलं की घसरगुंडी. सुती मात्र कसं, लवेला बिलगून बसतं. बायकांनी सुती नेसायचं सोडलं तिथेच घराण्यांचं वाटोळं झालं. मग माझ्याच तीन जुन्या साड्या कापल्या. यांचं धोतर कापलं. हे म्हणाले, मी ते नेसतो. म्हटलं, नेसत होता.

मधला चौकोन सासूबाईंच्या अंजिरी लुगड्याचा. जिवंत असताना हात लावू दिला नव्हता त्याला. आता बोला.

६ ऑगस्ट
सगळे तुकडे लावले. स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. पडवीतून बघितलं. सुंदर! नुसतं सुंदर!

फक्त तो हिरवा खटकतो.

११ ऑगस्ट
हिरवा वर नेला. मग निळा एकटा पडला. निळा खाली आणला तर पांढरे दोन शेजारी आले, एकदम कफन. सगळं काढून पुन्हा लावलं. याला म्हणतात डिझाईन. उगाच सुई घेऊन सुटायचं नसतं.

हे म्हणाले, बाळ दहावीला बसेल तेव्हा तरी टाका पडेल का? यांना कलेतलं काही कळत नाही. आयुष्यभर एसटीत कंडक्टर, तिकीट फाडण्यापलीकडे कापडाशी संबंध काय?

विमलाबाईंचा फोन. यमुनाताई, माझी झाली हो. तुमची कुठवर? म्हटलं, भिंतीवर आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बहुतेक प्रभाव पडला.

१९ ऑगस्ट
आजपासून शिवणार होते. दोरा दमट, सुईत जाताना विसकटतो. सुईला गंज. गंजकी सुई बाळाच्या कापडाला? शी. नवी आणीपर्यंत भिंतीवर थोडा फरक केला. हिरवा परत खाली.

२१ ऑगस्ट
सुया आणल्या. पण अमावास्या येतेय. बाळाचं काम अमावास्येच्या तोंडावर नको. असं कुठेही सांगितलेलं नाही, पण मला आतून वाटलं.

२३ ऑगस्ट
नितेश म्हणाला, आई, कोपरा रिकामा कर, बुधवारी गणपती. दरवर्षी तिथेच बसतो. म्हटलं, करते. त्याला सजावटीला सवड नव्हती, बाजारातून काहीतरी पडदा आणणार होता, चमचमणारा. मला त्या चमचमीची ओकारी येते.

तेवढ्यात सोनूबाई कढीपत्ता मागायला आली. भिंतीसमोर उभीच राहिली. म्हणाली, गो बाय! यंदा मखर आधीच तयार? नि केवढं देखणं! कुणी केलं?

मी तिला बसवलं. चहा दिला. मग पुन्हा एकदा चहा दिला. बेसनाचा लाडू दिला. ती तीनदा देखणं म्हणाली, चौथ्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, छे गो, कसलं काय.

रात्री नितेशला एवढंच म्हटलं की थर्माकोल हलवला तर मोडेल. मी काही सुचवलं नाही. तोच म्हणाला, मग राहू दे पाठीमागे. हे म्हणाले, विचार कर. म्हटलं, देवाला नाही म्हणू?

२७ ऑगस्ट
गणपती बसले. मागे माझी भिंत, वर नितेशनं छोटे दिवे सोडले. मूर्तीच्या मागे बरोबर अंजिरी चौकोन, प्रभावळीसारखा. सासूबाई कुठे पोचल्या बघा.

संध्याकाळी भजनी मंडळ आलं. रघूअण्णा पखवाज काढायचे विसरले. म्हणाले, वहिनी, वाडीत असं मखर नाही. मग गजर एवढा लांबला की मोदक गार झाले. फोटो काढले. मी फोटोत यायला नको म्हणत होते, पण तिथे उभी होते म्हणून आले.

विमलाबाईंना फोटो पाठवायला नितेशला सांगितलं. सहज.

२ सप्टेंबर
गौरीबरोबर गणपती गेले. डोळ्यांतून पाणी. उद्यापासून शिवण. आता काहीही आडवं येऊ देणार नाही. भिंत पक्की, डिझाईन पक्कं, सुया नव्या. आठ दिवसांत उरकेन.

३ सप्टेंबर
यांनी वाट लावली.

मी पहिला तुकडा काढायला हात घातला नि हे म्हणाले, यमुने, देवाच्या मागचं कापड ते. बाळ त्यावर मुतणार?

माझा हात तिथेच.

पुढे म्हणतात, आठवतं का, तुझ्या धाकट्या जावेनं मखराच्या पडद्याचं झबलं शिवलं होतं तेव्हा तूच रात्रभर थयथयाट केलास. देवाचं कापड ढुंगणाला, म्हणत होतीस. ती अजून तुझ्याकडे जेवत नाही.

म्हटलं, तो पडदा होता. ही भिंत आहे. हे म्हणाले, बरं. हे जेव्हा बरं म्हणतात तेव्हा मला यांचा वीट येतो.

५ सप्टेंबर
गुरुजींना फोन केला. म्हटलं, आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांचं असं असं झालंय. गुरुजी म्हणाले, यमुनाबाई, तुम्ही ते कापड जपून ठेवा. शुभकार्यात टांगलंत तर उत्तम. पायाखाली, मळायला नको.

ओळखीच्या बाईंना कळवते म्हटलं नि फोन ठेवला.

१० सप्टेंबर
नव्या कापडाची करायला हरकत नाही. साड्या आहेत. पण नवे तुकडे मांडायचे कुठे? भिंत भरलेली. जुने काढले तर एवढं जमलेलं डिझाईन मोडणार. आणि भिंतीशिवाय गोधडी होत नाही हे सिद्ध झालेलंच आहे.

हे म्हणाले, जमिनीवर मांड. कव्हराविना टेबलावर भाताचे डाग पडलेत, ते खरवडत बसले.

१५ सप्टेंबर
मुलगी!!! सकाळी, दोघी सुखरूप. लवकर आली, आजीवर गेली, धीर नाही. नितेश फोनवर रडला. हे आंघोळ न करताच पेढे आणायला पळाले. सोयर आता आलं हे बरं, गणपतीत आलं असतं तर देव शेजारी न्यावा लागला असता. पोर शहाणी.

मी आजी झाले. सोनूबाईला सांगितलं, तिनं मिठी मारली. सुकटीचा वास आला. तरी मारू दिली.

बारसं २६ तारखेला. गोधडी नाही.

१९ सप्टेंबर
वाट निघाली. नितेश म्हणाला, आई, तुझी ती भिंत घेऊन जाऊ, पाळण्यामागे उभी करू, फोटोला छान दिसेल. गुरुजी म्हणालेच आहेत, शुभकार्यात टांगा. खरं तर माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं.

शिवाय पाळण्यात काय घातलंय ते दिसतं कुणाला? चार काठांच्या आत असतं ते. दिसते ती भिंत.

२६ सप्टेंबर, सकाळी ६.३०
भिंत गाडीच्या टपावर बांधली. तुकडे काढून क्रमानं पिशवीत घेतलेत, तिथे लावीन. सगळे पुन्हा धुऊन इस्त्री केलेत. लोण्यासारखे मऊ. विमलाबाईंचं तोंड बघायला मी फार उत्सुक नाही.

२७ सप्टेंबर
लिहू की नको. लिहिते.

विमलाबाईंच्या घरी हॉलमध्ये पाळण्यामागे भिंत उभी केली. मी टाचण्याही काढल्या होत्या, पंख्याच्या वाऱ्याला असाव्यात म्हणून. विमलाबाई म्हणाल्या, टाचण्या? पाळण्याजवळ? नको हो यमुनाताई. म्हटलं, लागतच नाहीत. सुती आहे, आपलं आपण धरतं. धरलं. बायका बघत राहिल्या.

पाळण्यात त्यांची गोधडी होती. मी वाकून बघितली. टाके तांदळाच्या कणीएवढे, एका रेषेत. बरे होते. फार बरे होते. शी.

नाव ठेवलं सानवी. कानात कुर्र केलं. सगळं छान. मग विमलाबाईंनी पोरीला खांद्यावर घेतलं नि तिनं दूध काढलं, भळकन्. विमलाबाईंनी मागे न बघता हात लांबवला, भिंतीवरचा निळा तुकडा ओढला नि तिचं तोंड पुसलं. मग स्वतःची मान पुसली.

देवामागचं कापड! हे माझ्याकडे बघत होते. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मनस्वीची काकू म्हणाली, अगं बाई, किती सोय केलीय आजींनी! हाताशी तुकडेच तुकडे! मऊ, धुतलेले, ओढला की आला! मला वाटलं शोभेचं आहे.

विमलाबाई म्हणाल्या, मी एवढी शिवत बसले, पण हे नाही बाई सुचलं. तुमचं डोकंच वेगळं, यमुनाताई.

त्या वेळी मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, अनुभव असतो हो एकेकाचा.

मग काय, मोकळीकच झाली. पोरीनं शी केली, दोन पांढरे गेले. दुधाची वाटी सांडली, एक पिवळा. जेवणं झाल्यावर एकीनं श्रीखंडाचे हात पुसले, तो हिरवा, जो मी महिनाभर वर-खाली केला. प्रत्येकजण ओढताना म्हणत होता, वा, छान कल्पना. मी हसत होते. हे कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते नि त्यांचे खांदे हलत होते.

अंजिरीच्या पुढे मी स्वतः उभी राहिले. शेवटच्या पंगतीला बोलावलं तेव्हा गेले. आले तर विमलाबाईंचे भाऊ त्यानं चष्मा पुसत होते. म्हणाले, ताई, कापड काय आहे हो, असं आता मिळत नाही. मी म्हटलं, असू दे तुम्हांला.

निघताना विमलाबाईंनी पिशवी हातात दिली. मोठ्या माणसाची गोधडी, दुहेरी. म्हणाल्या, लेकीचं करता करता ही तुमच्यासाठी घातली. तुम्हांला पहाटे गारठा लागतो असं मनस्वी म्हणत होती.

नको नको म्हटलं. घ्यावी लागली.

आज पहाटेपासून पाऊस. अंगावर घेऊनच बसलेय लिहायला. ऊब आहे मेलीला.